परण्या निघाला की आधी काय ऐकू येतं?

परण्या म्हणजे लग्नाआधी मारुतीच्या देवळाला निघणारी नवरदेवाची मिरवणूक. गेल्या अंकात आम्ही सहज दोन ओळी छापल्या होत्या, की सातारा-सांगलीकडचा बँड, बेंजो, फड, हलगी यातलं काय विचारायचं असेल ते विचारा. पत्रं एवढी आली की टेबलावर कपबशी ठेवायला जागा राहिली नाही. उत्तरं लिहिणारा मी सांगलीचा. कॉलेजात असताना तीन सीझन एका बँडमध्ये साईड ड्रम वाजवलाय, फार भारी वगैरे नाही, आमचे मास्तर म्हणायचे तुझा हात बरा हाय पण कान नाय. तेव्हा जे सांगतोय ते त्या कानानं ऐकलेलं समजा.

मी वाईची, नोकरीला पुण्यात. ऑफिसात एकजण म्हणाला, म्युझिक सीन असतो तो पुण्या-मुंबईत, तुमच्याकडं काय, कंदी पेढे आणि हळद. लय राग आला पण पटकन उत्तर सुचेना. काय सांगू त्याला? (एक वाचक, वाई)

ताई, उत्तर तुमच्या घराच्या मागंच होतं की. वाईतनं पाचगणीला निघालं की घाट चढायच्या आधी पसरणी लागतं, शाहीर साबळे तिथले, १९२३ चा जन्म. २०२३ पासून जे आपलं राज्यगीत झालंय ते घराघरात गेलं ते ह्याच माणसाच्या आवाजात, आणि तुमच्या ऑफिसातला तो माणूससुद्धा ते लागलं की उभा राहत असणार. खुद्द वाईत यमुनाबाई वाईकर होत्या, बसून अदा करत लावणी म्हणायच्या, २०१२ ला पद्मश्री मिळाली, आणि शंभरी ओलांडून २०१८ ला गेल्या. हे झालं फक्त तुमच्या तालुक्याचं.

आता असं करा, कृष्णा तुमच्या घाटावरनंच वाहते ना, तिच्याबरोबर खाली या. कराड मागं पडलं की वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष लागतं (रेठरे बुद्रुक वेगळं, पत्ता विचारताना घोळ होतो), तिथले श्रीधर कुळकर्णी म्हणजे पठ्ठे बापूराव, कुळकर्ण्याच्या घरातला माणूस तमाशाच्या फडात गेला, पवळाबाईंबरोबर उभा राहिला आणि त्या काळात त्याबद्दल जे काय ऐकून घ्यावं लागलं ते घेतलं. त्याच तालुक्यात नदीपासून जरा आत वाटेगाव, अण्णाभाऊ साठे तिथले, १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. आजच्या भाषेत तो बँडच की हो, तीन मुख्य माणसं, स्वतःची गाणी, गावोगाव टूर आणि वर सरकारची बंदी. अजून खाली आलं की नागठाणे, साताऱ्याजवळचं नव्हे, पलूस तालुक्यातलं, १८८८ ला बालगंधर्व जन्मले ते तिथं. मग सांगली, जिथं विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला नाटक उभं केलं आणि जिथं १९३३ ला आशाताई जन्मल्या. सांगलीतनं तासगाव रस्त्याला वळलात तर कवलापूर, काळू-बाळूंचं गाव, जुळे भाऊ, वगात (तमाशातल्या नाटकात) दोघं हवालदार व्हायचे आणि स्टेजवर नुसते आले तरी पब्लिक हसायला लागायची. आणि हाकेच्या अंतरावर मिरज, तिथं शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, हिराबाई बडोदेकर जन्मल्या, मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या आठवणीत अजून संगीत सभा होते.

एवढं सगळं एका नदीच्या काठाकाठानं. आणि सातारा-सांगली वेगळं धरायचं कारण नाही, १९४९ मध्ये सांगलीकडचा जिल्हा झाला तेव्हा नावच दक्षिण सातारा होतं, सांगली नाव १९६० ला आलं. पेढ्यांचं मात्र कबूल करून टाका, त्यात कमीपणा काय.

आजोबांच्या ट्रंकेत त्यांचा एक फोटो सापडला, लाल कोट, डोक्याला तुरा, हातात काळी पिपाणी. पिपाणीही सापडली, पण तीन तुकड्यांत. घरात कुणाला काही माहीत नाही, किंवा सांगायचं नाही. ह्याचं काय करू? (एक वाचक, कडेगाव)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी पिपाणीचं. ती मोडलेली नाही, क्लॅरोनेट तसा तुकड्यांतच ठेवतात, जोडून वाजवायचा. लाकडी असेल तर धुऊ नका, उन्हात ठेवू नका, आणि कृपा करून चाव्यांना खोबरेल तेल लावू नका, जमलेली धूळ तिथंच बसते. चाव्यांच्या खालच्या गाद्या एवढ्या वर्षांत कुजलेल्या असणार, तोंडाशी जी पातळ पत्ती लागते ती नवी घ्यावी लागेल. जवळपास कुठला चालू बँड असेल त्याच्या मास्तरांना दाखवा, दुरुस्तीवाला त्यांना माहीत असतो, आणि आजोबांना ओळखणारा माणूस सापडायची शक्यतापण तिथंच जास्त.

आता फोटोचं. ब्रास बँड इंग्रजी पलटणींबरोबर आला, मग संस्थानिकांना त्याची हौस लागली, आणि आपल्याकडं तर सांगली, मिरज, औंध, फलटण, जत असे किती दरबार. तिथनं तो बाजारपेठेत उतरला, लग्नाच्या वरातीत आला. क्लॅरोनेट चाल धरतो, ट्रंपेट वरनं हाका मारतो, युफोनियम खालनं भिंत बांधतो, साईड ड्रम आणि ढोल चालतं ठेवतात. पितळी वाद्यं बहुतेक मेरठची, तिथल्या जली कोठी भागात अख्खा बाजार ह्याच धंद्याचा आहे. पण वाद्यं बाहेरनं आली तरी फुंकणारी छाती इथली होती. आपल्या भागात होलार समाजाची माणसं पिढ्यान् पिढ्या सनई आणि डफडं वाजवत आलीत, मातंग समाजाकडं हलगी, आणि ज्याच्या आज्यानं सनईत नाकानं श्वास घेत घेत सूर तुटू दिला नाही त्याच्या नातवाला क्लॅरोनेट शिकवावा लागत नव्हता, फक्त बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं की झालं.

घरात कुणी सांगत नाही म्हणालात त्याचं कारणपण ह्यातच असू शकतं. वाजंत्र्यांशिवाय अक्षता पडायच्या नाहीत पण पंगत मात्र वाजंत्र्यांची वेगळी, शेवटी, मांडवाबाहेर, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याला काही शंभर वर्षं झालेली नाहीत. मग पोरं शिकली, नोकरीला लागली आणि तो लाल कोट ट्रंकेत गेला. तुम्ही फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावा. घरातलं कोणीतरी एक दिवस आपणहून बोलायला लागेल.

मे महिन्यात भर उन्हात बँडवाले कोट का घालतात? (इयत्ता नववी, कोरेगाव)

बाळा, पलटणीची नक्कल करताना ड्रेस पण आला, ऊन इथलं आहे हे कुणी लक्षातच घेतलं नाही. आणि दुसरं म्हणजे बँड पार्टी ठरवताना लोक कोट बघून घेतात, सूर बघून नाही. आतनं बनियन पिळून निघायचा आमचा.

धाकट्या भावाचं लग्न आहे. वडील म्हणतात बँड, भाऊ म्हणतो डॉल्बी लावला नाही तर बोहल्यावरच चढणार नाही. मधल्या मधी माझं मरण. (एक वाचक, विटा)

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, जगात ज्याला डीजे म्हणतात त्याला आपल्याकडं डॉल्बी म्हणतात, त्या नावाच्या कंपनीचा ह्याच्याशी काडीचा संबंध नसतो.

मी बँडवाला म्हणून बँडच घ्या म्हणणार असं तुम्हाला वाटलं असेल, पण तसं सरळ नाही ते. डॉल्बीला मी राक्षस समजत नाही. आमच्या बँडमधल्या ट्रंपेटवाल्याचा पोरगा आज डॉल्बीवर बसतो, कुठल्या गाण्याला कुठं तोडायचं आणि परत कुठं उचलायचं हे त्याला बापासारखंच कळतं, फक्त बापाला ते फुंकून करावं लागायचं. पण गोष्ट अशी की डॉल्बीसमोर दोनशे माणसं नाचतात आणि बाकीची आठशे खिडक्या लावून घेतात. नियमाप्रमाणं वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. त्या स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहिलं की छातीचा पिंजरा हलतो, ते ५५ नसतंय एवढं कळायला मीटर लागत नाही. घरात म्हातारी माणसं, गल्लीत तान्हं पोर किंवा दवाखाना असेल तर विषय तिथंच संपला.

बँड ठरवताना मात्र डोळे उघडे ठेवा. किती माणसांचा बँड हे विचारून भागत नाही, फुंकणारी किती ते विचारा. कारण हल्ली गाडीवर एक कीबोर्ड, एक पॅड, एक गाणारा आणि चार स्पीकर असतात आणि खाली कोटातली निम्मी माणसं ट्रंपेट नुसता तोंडाला लावून चालतात, आमच्यात त्यांना शोचे गडी म्हणायचो, मी पहिला महिना तोच होतो. फोनवर सुपारी (म्हणजे वाजवायचं काम) देऊ नका. दुसऱ्या कुणाच्या वरातीत जाऊन लांबनं ऐका, गाडी बंद असताना ऐका. जनरेटर बंद पडला आणि बँड तरीही चालू राहिला तर तिथल्या तिथं विसार द्या.

भावाला सांगा की मारुतीच्या देवळापर्यंत परण्याला बँड, आणि हळदीच्या रात्री दहापर्यंत गल्लीबाहेर मोकळ्या रानात त्याचा डॉल्बी, मध्यम आवाजात. वडिलांना सांगायचं की हळदीला तुम्ही लवकर झोपा.

बेंजो हे खरं वाद्य आहे का? आमचे क्लासचे सर म्हणतात ते खेळणं आहे. मी गल्लीतल्या बेंजो पार्टीत वाजवतो. (एक वाचक, तासगाव)

सरांना विचारा की पेटी कुठनं आली. ती युरोपातनं आली आणि शंभर वर्षांत आपली झाली, शास्त्रीयवाले पण घेऊन बसतात. तुझा बेंजो जपानचा आहे. १९१२ च्या सुमारास नागोया शहरात मोरिता नावाच्या माणसानं तारांच्या वाद्याला टाइपरायटरसारखी बटणं बसवली, तिकडं त्याला ताइशोगोतो म्हणतात, हिंदुस्थानात बुलबुल तरंग नाव पडलं आणि आपल्या पोरांनी त्याला बेंजो केलं, ज्याचा अमेरिकेतल्या बँजोशी नावापुरताच संबंध. पिकअप बसवून अँप्लिफायरला जोडल्यावर तो जो ताणून रडतो ना, तसं रडायला जपानमध्ये कुणी शिकवलं नव्हतं, ते आपल्या वराती-मिरवणुकीत शिकला तो.

खेळण्याचा मुद्दा एका बाबतीत खरा आहे, मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि गमक (सूर हलवणं) बटणावर नीट निघत नाहीत, त्यामुळं सरांच्या कानाला खुपत असणार. पण रथोत्सवाच्या दिवशी तुमच्या तासगावात दोर ओढणाऱ्या गर्दीच्या डोक्यावरनं पलीकडच्या टोकाला चाल ऐकू जायला पाहिजे असेल तर तिथं तानपुरा काय करणार? तू सरांचा क्लास सोडू नको आणि बेंजोपण सोडू नको.

मिरजेच्या सतारीला सरकारी शिक्का मिळाला म्हणे, मग आता स्वस्त होणार की महाग? (एक वाचक, मिरज)

स्वस्त तर नाहीच होणार. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे मिरजेबाहेर बनवलेल्याला मिरजेचं नाव लावता येणार नाही. शिकलगार घराणी मूळची तलवारींना पाणी देणारी, लढाया संपल्या तसा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी हात तंतुवाद्याकडं वळवला. भोपळा अजून पंढरपूर भागातनं येतो, हातानं कोरतात, वाळायला वेळ लागतो तो लागतोच. तुम्ही मिरजेतच राहता, सतारमेकर गल्लीत एकदा जाऊन नुसतं बसा, विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, जवारी लावताना (तारांखालची घोडी घासून आवाज खुलवताना) बघितलं की किमतीचं कोडं आपोआप सुटतं.

आम्ही कॉलेजच्या पाच जणांनी बँड काढलाय, दोन गिटार, कीबोर्ड, गाणारी एक मुलगी आणि एक हलगीवाला, तो आमच्या कॉलेजचा नाही, गावातला आहे. स्वतःची मराठी गाणी करतो. तीन अडचणी आहेत, हलगी सगळ्यांवर चढते, वाजवायला जागा नाही आणि लोक म्हणतात हे ना धड फडाचं ना धड शहरातलं. (पाच वाचक, कराड)

तिसरी अडचण आधी घेतो कारण ती अडचणच नाही. फडात गण, गवळण, बतावणी, वग एवढं सगळं एका रात्रीत असायचं आणि मध्येच लोकांना आवडलेली नाटकातली नाहीतर सिनेमातली चाल बिनदिक्कत उचलायचे. बँडवाल्यांनी सनईचं क्लॅरोनेटवर आणलं, बेंजोवाल्यांनी क्लॅरोनेटचं तारेवर. आपल्या भागात ना-धड-हे-ना-धड-ते असलेलंच टिकलंय.

हलगीचं असं की ती मुळात उघड्या माळावर, कुस्तीच्या मैदानात पैलवानाचं रक्त तापवायला वाजते, खोलीत आणली की ती चढणारच. माईक तिच्या अंगाला चिकटवू नका, हातभर लांब ठेवा आणि जरा बाजूनं. आणि साऊंड चेक आधी उरकून मग तासभर थांबलात तर कातडं सैल पडून वेगळाच आवाज येईल, पावसाळ्यात तर हमखास, त्यामुळं शेकायची सोय ठेवा. हॉलमध्ये जाळ करता येत नाही हे मान्य, आम्ही एकदा हॅलोजनच्या दिव्यासमोर धरली होती, चालतंय. फायबरचं पान लावलेली हलगी मिळते, शेकावी लागत नाही, पण तिचा कडकडाट डब्यासारखा येतो, मला नाही आवडत.

बरं, तुमच्या पत्रात एक गोष्ट खटकली, चौघांची नावं लिहिली होती (इथं छापत नाही) आणि पाचव्यापुढं नुसतं हलगीवाला. पोस्टरवर पण असंच आहे का? असेल तर ते आधी बदला. पैसे पाच जणांत सारखे वाटा. आणि एखादं गाणं त्याच्या ठेक्यावरनं सुरू करा, म्हणजे आधी हलगी, मग त्याच्यावर गिटार. आत्ता तुम्ही गिटारवर गाणं बांधून वरनं हलगी टाकत असणार, म्हणूनच ती चढते. माईकचा उपाय त्याच्यानंतरचा.

जागेचं म्हणाल तर साताऱ्याचं शाहू कलामंदिर, सांगलीचं भावे नाट्यमंदिर ही मोठी घरं आहेत, भाडं भरून रिकाम्या खुर्च्यांपुढं वाजवायची घाई करू नका. यात्रा-जत्रा धरा. कुस्त्या संपल्यावर आणि तमाशाचा तंबू सुरू व्हायच्या आधी दोन तास माणसं नुसती फिरत असतात, तेवढ्यात ऐकवा. आवडलं नाही तर ते तोंडावर सांगतात आणि कसं करायला पाहिजे होतं ते पण सांगतात. जमलं तर आरेवाडीला बिरोबाच्या यात्रेला एकदा जा, वाजवायला नाही, ऐकायला. गजीढोलाचे संघ येतात, धनगर बांधव गोल धरून रुमाल उडवत नाचतात, डझनभर ढोल आणि एक झांज, माईक नाही, कीबोर्ड नाही, आणि कुठं थांबायचं हे कुणीही न सांगता सगळे एका ठोक्याला थांबतात. तुमच्या ड्रम मशीनला ते नाही जमणार.

आमच्या मंडळाला यंदा गावातल्या जुन्या बँडवाल्यांचा सत्कार करायचाय. शाल-श्रीफळ द्यावं की रोख पाकीट? काही वेगळं सुचवा. (मंडळाचे कार्यकर्ते, जत)

शाली त्यांच्याकडं असतात हो, बायका त्यांची गोधडी शिवतात. सुपारी द्या. लग्नाचा सीझन आषाढात संपतो तो तुळशीच्या लग्नापर्यंत, मधले चार महिने बँडवाला कुणाच्या तरी रानात, नाहीतर टेलरिंगच्या दुकानात, नाहीतर रिक्षावर असतो, गणपतीचं वाजवणं गेलं डॉल्बीकडं. त्याच महिन्यांत एक संध्याकाळ ठरवा आणि पूर्ण दराची सुपारी द्या, सत्कार आहे म्हणून घासाघीस नको.

आणि त्या संध्याकाळी मिरवणूक काढू नका. बँडसाठी खुर्च्या मांडा, समोर सतरंजी घाला आणि लोकांना खाली बसवा. बँड कुणी बसून ऐकतच नाही आपल्याकडं, आम्ही तीन वर्षं वाजवलं ते नाचणाऱ्यांच्या पाठीला वाजवलं. मास्तरांना यादी देऊ नका, तुमच्या आवडीचं वाजवा म्हणा, मग बघा काय काय बाहेर येतं, नाट्यपद येईल, अभंग येईल, एखादी भैरवी अशी येईल की तुम्ही म्हणाल हे ह्यांना येत होतं होय, मग आमच्या वरातीत ते नागीणच का वाजवत बसले. तुम्हीच नोटा त्याच्यावर उडवल्या होत्या म्हणून. फोनवर रेकॉर्डिंग करा आणि कोण काय वाजवतंय त्याची नावं त्यात बोलून घ्या.

जेवणाचं तेवढं जपा. फुंकणाऱ्याला भरल्या पोटी फुंकता येत नाही, त्यामुळं आधी चहा आणि थोडं काहीतरी, आणि खरं जेवण नंतर, पण गरम, आणि तुमच्याच पंगतीत. तीन सीझनमध्ये मला गरम भात एकदाच मिळाला. तुमच्याच बाजूचं खेडं होतं, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, आणि नवरदेवाच्या आजीनं आमच्यासाठी परत चूल पेटवली होती.